काळ्या मातीतला चर आणि मिरगाआधीची घाई

तापी-गिरणेच्या काळ्या मातीत मे महिन्यात जेसीबीने चर खणला, की त्याच्या भिंती ओळंब्यात उभ्या राहतात आणि त्या सरळपणावरच मुकादमाचा विश्वास बसतो. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत उरलेले थोडेसे पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते. ती ओढ आहे तोवरच भिंत टिकते. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी मिळताच फुगते आणि वाळताच आकसते, म्हणून उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांपैकी चराच्या काठाला समांतर गेलेली भेग सर्वांत वाईट. वळवाच्या सरीने ती भरली, तर एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १ टन होतो, शिवाय कणांची ओढही सुटते आणि भिंत कोसळू शकते. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास असते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या मजुराचे डोके मोकळे असले, तरी बरगड्या हलू न शकल्याने त्याचा श्वास कोंडतो.

आयएस ३७६४ या भारतीय मानकानुसार १.५ मीटरपेक्षा खोल चराला फळ्या-टेकूंचा आधार द्यावा लागतो. आधाराऐवजी भिंतींना उतार द्यायचा, तर खोदाई आणि भराव दोन्ही वाढतात. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरलेला नसेल, तर ठेकेदार तो आपल्या दरातून भागवेल ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

खानदेशात चराच्या या धोक्याला उन्हाची जोड मिळते. मिरगाआधी पाया वर काढण्याची घाई नेमकी त्या दिवसांत असते, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. परंतु चरात वारा लागत नाही, त्यामुळे घाम नुसताच ओघळतो. शिवाय उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून नव्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देणे धोक्याचे ठरते. पहाटेची पाळी, सावली आणि पाणी हे सारे वेळापत्रकात धरले, तर पायाचे काम काही दिवस लांबते, आणि ते दिवस निविदेच्या मुदतीतच मोजलेले असावे लागतात. पावसानंतर काठावरच्या भेगा तपासून ‘आज कोणी उतरायचे नाही’ असे मुकादमालाही सांगू शकेल, असा माणूसही खोदाईपूर्वीच नेमावा लागतो.