नरकाचा राजा सैतान नव्हे

‘ख्रिस्ती धर्मात नरकावर सैतानाचं राज्य असतं, प्रेमळ देवच माणसं त्याच्या हवाली करतो,’ असं फिरत असतं. बायबल उघडून पाहा. त्यातल्या मत्तय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातल्या 41व्या वचनानुसार (मत्तय 25:41) नरकाचा अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठीच सिद्ध केलेला आहे. प्रकटीकरण 20:10 मध्ये सैतानच त्यात टाकला जातो. म्हणजे तो कैदी, जेलर नव्हे. आपल्याकडे नरकाचा कारभार यमराज पाहतो, तेव्हा सैतानाला ती खुर्ची दिली जाणं साहजिकच. कढया ढवळणारे सैतान मध्ययुगीन युरोपातल्या चित्रांत दिसतात, वचनांत नाहीत.

शिक्षाही सरसकट नाही. लूक 12:47-48 मध्ये धन्याची इच्छा ठाऊक असूनही तसं न वागलेल्या दासाला पुष्कळ फटके, नकळत चुकलेल्याला थोडे. शिक्षा अनंतकाळ चालते का, यावर मात्र ख्रिस्ती अभ्यासकांतच मतभेद आहेत.