अध्रुवीय द्रवांसाठीचे इलेक्ट्रोड

ट्रान्सफॉर्मरचे तेल, इंजिन ऑइल, डिझेल अशा अध्रुवीय (ज्यांच्या रेणूंत विद्युतभार जवळजवळ समान वाटलेला असतो अशा) द्रवांतील आम्लता विद्युतविभवावरून मोजण्यासाठी वापरतात ती इलेक्ट्रोडची जोडी: आम्लतेप्रमाणे विभव बदलणारा एक काचेचा दर्शक इलेक्ट्रोड आणि तुलनेसाठी विभव स्थिर ठेवणारा एक सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड. हल्ली दोन्ही बहुधा एकाच दांड्यात बसवलेले मिळतात.

खनिज तेलाचा परावैद्युतांक (विरुद्ध भारांमधली ओढ द्रव किती कमी करतो याचे माप) सुमारे २.२, पाण्याचा ८० च्या आसपास. तेलात आयन सुटे होत नाहीत, वीज जवळजवळ वाहतच नाही. म्हणून नुसत्या तेलात इलेक्ट्रोड बुडवून काही हाती लागत नाही. एएसटीएम डी ६६४ या आम्लता मोजण्याच्या अमेरिकी प्रमाण पद्धतीत ५०० मिली टोल्युईन, ४९५ मिली आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि ५ मिली पाणी यांचे मिश्रण करतात. त्यातल्या १२५ मिलीमध्ये तेल विरघळवून अल्कोहोलमधील ०.१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करतात, म्हणजे ते थोडे थोडे घालत विभवाचा आलेख काढतात आणि विभव एकदम बदलते ते वळण अंतिम बिंदू धरतात. आम्लांक (१ ग्रॅम तेलातले आम्ल उदासीन करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम) १ च्या आत असेल तर तेल २० ग्रॅम, १ ते ५ असेल तर ५ ग्रॅम पुरते.

नेहमीचा पीएच इलेक्ट्रोड इथे फार टिकत नाही. त्याच्या संदर्भ भागात पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण असते. अल्कोहोल लागताच तो क्षार साक्याच्या रूपात खाली बसतो आणि सिरॅमिकचे बारीक छिद्र बुजते, वर तेलाचा थर बसतो तो वेगळाच. म्हणून भरण (संदर्भ भागातले द्रावण) इथेनॉलमधील लिथियम क्लोराइडचे घेतात आणि छिद्राऐवजी घासलेल्या काचेची सरकती बाही वापरतात. बाही किंचित सैल केली की थोडे भरण वाहून सांधा धुतला जातो. भरणाची पातळी चंचुपात्रातल्या द्रवाच्या वर हवी आणि भरण्याचे छिद्र मोजताना उघडे हवे, नाहीतर तेलच आत शिरते.

सर्वांत जास्त चुका मात्र धुण्यात होतात. काचेचा फुगा हायड्रोजन आयनांना प्रतिसाद देतो तो पृष्ठभागावरच्या पाणी शोषलेल्या पातळ थरामुळे, आणि अल्कोहोल तेच पाणी ओढून घेते. म्हणून प्रत्येक अनुमापनानंतर इलेक्ट्रोड आधी मिश्रणाने, मग अल्कोहोलने धुवून ३ ते ५ मिनिटे पाण्यात बुडवून ठेवायचा, पुन्हा अल्कोहोलने धुवायचा, आणि मगच पुढचा नमुना. ही पाच मिनिटे वाचवली की विभव स्थिरावत नाही, आलेखातले वळण सपाट होते आणि दोष तेलाच्या माथी जातो. इलेक्ट्रोड ठीक आहे का हे तपासताना पीएच ४ आणि ७ च्या बफरमधील (स्थिर पीएचच्या प्रमाण द्रावणांतील) विभवाचा फरक किमान १६२ मिलिव्होल्ट यायला हवा. २५ अंशांना सैद्धांतिक फरक सुमारे १७७ असतो.

वापरलेल्या तेलात वळण कित्येकदा दिसतच नाही. तेव्हा हाच इलेक्ट्रोड अल्कली बफरमध्ये जितके मिलिव्होल्ट दाखवतो तोच अंतिम बिंदू धरतात. काचेच्या पडद्याचा रोध शेकडो मेगओहम असल्याने स्थितिक विजेचाही उपद्रव होतो: नायलॉनचे कपडे घातलेला माणूस जवळून गेला तरी आकडा हलतो. त्यासाठी आवरण असलेली केबल आणि उपकरणाला अर्थिंग हवेच.