मोठं चर्च दिसलं की कॅथेड्रल म्हणू नका

इंग्लंड फिरून आलेल्यांचे फोटो बघा, जुनं दगडी चर्च आणि उंच मनोरा दिसला की खाली लिहिलेलं असतं "कॅथेड्रल". लाउथचं सेंट जेम्स, कॅथेड्रल. बॉस्टनचं सेंट बोटॉल्फ, तेही कॅथेड्रल. आणि बाथ ॲबीला (ॲबी म्हणजे मठाचं चर्च) तर टूरवाले गाइडसुद्धा बिनधास्त कॅथेड्रल म्हणतात. तिन्ही पॅरिश चर्च, म्हणजे त्या त्या भागातल्या लोकांची चर्च आहेत हो!

कॅथेड्रलवर फार वेळ घालवत नाही, सेंट पॉल्स किंवा यॉर्क बहुतेकांनी बघितलेलं असतं. बिशपची अधिकृत खुर्ची ज्या चर्चमध्ये ते कॅथेड्रल. डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री, आणि त्याचं मंडळ कारभार बघतं, विषय संपला.

घोळ होतो तो आकारामुळे. लोकांना वाटतं लहान ते पॅरिश चर्च, मोठं झालं की कॅथेड्रल. पण आकार ठरायचा तो गावात पैसा किती होता त्यावर. बॉस्टन हे लोकरीच्या व्यापाराचं बंदर, म्हणून तिथल्या पॅरिश चर्चचा मनोरा साधारण 266 फूट. लाउथचा सुळका तर 287 फुटांच्या आसपास, म्हणजे लिचफील्ड कॅथेड्रलपेक्षाही उंच. सफकमधलं लाँग मेलफर्ड बघा, कापडाच्या धंद्यात गब्बर झालेल्यांनी चर्च बांधलं आणि देणगीदारांची नावं बाहेरच्या भिंतींवर कोरून ठेवली, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून. बिशपचा तिथे संबंधच नाही.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, वसईकडे धर्मग्राम म्हणतात ना तेच, आणि पॅरिश चर्च म्हणजे तिथल्या लोकांचं चर्च. बारसं, लग्न, दफन सगळं इथेच, आणि 1538 पासून त्याच्या नोंदी ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने काढला म्हणून आज लोक आपले पूर्वज शोधायला आधी पॅरिशच्या वह्या उघडतात. पॅरिशमध्ये राहणाऱ्याला तिथल्या चर्चमध्ये लग्न करायचा कायदेशीर हक्क अजूनही आहे, मग तो दर रविवारी येवो न येवो. दुरुस्तीचीसुद्धा वाटणी असायची, लोक बसतात तो नेव्ह गावाने सांभाळायचा आणि वेदीकडचा चान्सेल रेक्टरने, म्हणजे पॅरिशच्या पाद्रीने. त्यामुळे काही ठिकाणी नेव्ह एकदम भव्य आणि चान्सेल साधाच दिसतो. मला हे फार आवडतं, कुणी खर्च केला ते दगडात दिसतं.

आता बाथ. तिथे एके काळी खरंच बिशप बसायचा, डायोसीसचं, म्हणजे बिशपच्या हद्दीचं, नाव आजही "बाथ अँड वेल्स" आहे (हे वेल्स म्हणजे जवळचं शहर, वेल्स देश नव्हे), म्हणून लोक फसतात. पण आत्ताचं चर्च 1499 च्या सुमारास बांधायला घेतलं, 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, आणि पुढे ते शहराचं पॅरिश चर्च झालं. बिशपची खुर्ची वेल्सला. ट्यूक्सबरीला तर गावकऱ्यांनीच 453 पौंड मोजून मठाचं चर्च विकत घेतलं कारण त्यांना स्वतःचं पॅरिश चर्च हवं होतं, ते आजही पॅरिश चर्चच आहे, नावात ॲबी असलं तरी.

उलटंही होतं. बर्मिंगहॅमचं सेंट फिलिप्स अठराव्या शतकातलं पॅरिश चर्च, 1905 ला कॅथेड्रल झालं. लेस्टर आणि डर्बीची 1927 ला. इमारत तीच, फक्त बिशप आला. आपल्या मुंबईचं सेंट थॉमसही तसंच, 1718 ला सुरू झालं आणि 1837 ला मुंबईला बिशप मिळाल्यावर कॅथेड्रल. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा सुळका कितीही उंच असला तरी ते कॅथेड्रल नाही.

नावावर तर जाऊच नका. मिन्स्टर हे काही जुन्या मोठ्या चर्चना मिळालेलं नाव. यॉर्क मिन्स्टर कॅथेड्रल आहे, बेव्हर्ली मिन्स्टर पॅरिश चर्च. वेस्टमिन्स्टर ॲबी दोन्हींपैकी काहीच नाही, ती थेट राजाच्या अखत्यारीत. आणि कॅथेड्रल असलं की गावाला सिटीचा दर्जा मिळतोच असंही नाही, गिल्डफर्डला कॅथेड्रल आहे पण ते अजून टाउनच, उलट केंब्रिज सिटी आहे पण तिथे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, कॅथेड्रल नाही.

आणि वेळ कमी असेल तर माझं स्पष्ट मत, एक कॅथेड्रल गाळा पण फेअरफर्डचं पॅरिश चर्च बघा. मध्ययुगीन रंगीत काचांच्या 28 खिडक्यांचा अख्खा संच एका छोट्या गावात टिकलाय, असा पूर्ण संच इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याच पॅरिश चर्चमध्ये उरलेला नाही. फोटो टाकण्याआधी दाराजवळचा बोर्ड वाचा. डीन लिहिलं असेल तर बहुतेक कॅथेड्रल, व्हिकर किंवा रेक्टर (दोन्ही पॅरिशचे पाद्रीच) असेल तर पॅरिश चर्च.