पुस्तकातली प्रार्थना खोटी आणि उत्स्फूर्त प्रार्थना खरी?

रविवारी सकाळी नागपुरात ख्रिस्ती उपासनेच्या दोन तऱ्हा सहज बघायला मिळतात. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलसारख्या जुन्या चर्चात पुस्तकातला क्रम असतो: पाळक एक ओळ म्हणतात, मंडळी पुढची म्हणते, मग पापांगीकार (पापांची कबुली), शास्त्रपाठ, दानार्पण. भाड्याच्या हॉलमधल्या फेलोशिपमध्ये, म्हणजे छापील क्रम नसलेल्या प्रार्थनासभेत, गिटार, टाळ्या, डोळे मिटून मोठ्यानं केलेली प्रार्थना, मध्येच कुणी देवाचा आपला अनुभव साक्ष म्हणून सांगतो. तरुण मंडळी म्हणतात, चर्चातलं ते कर्मकांड आणि हॉलमधली ती अंतःकरणाची उपासना. जुनी माणसं म्हणतात, हॉलमध्ये नुसता गोंगाट असतो.

माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. विधी ही एक गोष्ट आणि देखावा ही दुसरी. विधी म्हणजे ठरलेले शब्द, ठरलेला क्रम. देखावा म्हणजे मन भलतीकडे ठेवून लोकांसाठी, नाहीतर सवयीनं केलेली उपासना. विधी पुस्तकातून येतो म्हणून दिसतो. देखावा कुठेही शिरतो, गिटारच्या सुरांतही.

येशूनं परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, झापलं ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. यशया संदेष्ट्याच्या शब्दांत त्यानं सुनावलं की हे लोक ओठांनी देवाचा सन्मान करतात, अंतःकरण मात्र दूर आहे. पण तोच येशू शब्बाथाला आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जात होता, आणि शेवटच्या भोजनानंतर शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊनच बाहेर पडला. सगळ्यात बोलकं उदाहरण वधस्तंभावरचं. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश म्हणजे जुन्या करारातल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. शुभवर्तमानातली बहुधा सर्वांत कळवळून केलेली प्रार्थना पाठ केलेल्या शब्दांत आहे. पुस्तकातली प्रार्थना मनातून येऊच शकत नाही म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

उलट बाजूही बघा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करणारा परूशी पुस्तकातलं काही म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, शेजारच्या जकातदारापेक्षा (लोक ज्यांना पापी समजत अशा करवसुली करणाऱ्यापेक्षा) आपण बरे, हे सगळं त्याचं स्वतःचंच. उत्स्फूर्तच म्हणायचं! जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो.

फेलोशिपमध्ये चार-सहा रविवार बसलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. उत्स्फूर्त प्रार्थनेचाही ठरलेला साचा असतो. दर वाक्यात ‘हे प्रभू’, त्याच जागी आवाज चढणार, त्याच जागी ‘हालेलूया’. न छापलेला विधीच तो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला विधी म्हणायला आपण तयार नसतो.

आणि कालचं उत्स्फूर्त आज छापील होतं. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी काही काळ नागपुरात राहिले होते. पुढे त्यांनी मराठी चर्चात भजन-कीर्तन रुजवलं. ती भजनं आता पुस्तकातून, क्रमांक सांगून गायली जातात. कुणी ती घड्याळाकडे बघत गातो, कुणाच्या डोळ्यांत त्याच ओळीला पाणी येतं.

मग ओळखायचं कसं? दुसऱ्याचं ओळखायच्या भानगडीत पडू नये. स्वतःपुरती एक खूण मात्र मत्तयच्या ५व्या अध्यायात आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. आता आपलं बघा. उपासनेत एकमेकांना ‘शांती असो’ म्हणून शांती द्यायची वेळ येते. माणूस वळून मागच्या बाकावरच्या अनोळखी पाहुण्याला हात जोडतो, हसतो. दोन बाकं पुढे सख्खा भाऊ बसलेला असतो, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बोलणं बंद. तिकडे मान वळत नाही. विधी पार पडला, एक शब्दही चुकला नाही. आणि येशू ‘मग येऊन अर्पण कर’ असंही म्हणतो, हे विसरू नका. अर्पण रद्द झालेलं नाही. पुदिना, शेप, जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांनाही त्यानं हेच सांगितलं: न्याय, दया या गोष्टी करायच्या होत्या आणि दशमांशासारख्या त्याही सोडायच्या नव्हत्या.

नागपूरला तर हे आधीच ठाऊक असायला हवं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात प्रार्थनापुस्तक जपणारे अँग्लिकन होते आणि समजत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य झाल्या. रीत वेगळी म्हणजे विश्वास खोटा असं धरलं असतं, तर एकत्र येण्याची ही बोलणी पहिल्या बैठकीतच फिसकटली असती.

पहिल्या शतकातल्या करिंथ शहरच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या विधीचा, बोजवारा उडाला होता. खातेपिते आधीच जेवून घेत, कुणी झिंगलेलं, गरीब उपाशी. प्रेषित पौलानं पत्रातून फार कडक शब्दांत खडसावलं, पण भोजन बंद करा असं लिहिलं नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं लिहिलं.