मिठाच्या पाण्यातून सोडियम का निघत नाही?

नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, वायरचे दोन तुकडे आणि पेलाभर मीठपाणी. एवढ्यावर विद्युत अपघटन, म्हणजे विजेनं पदार्थ फोडण्याची क्रिया, घरी पाहता येतं. पेन्सिलींची शिसं पाण्यात बुडाली की दोन्हींवर बुडबुडे धरू लागतात. पाण्यात आधी चिमूटभर हळद घातली असेल, तर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या शिशाभोवती ती लाल होते. (घरातल्या प्लगची वीज या प्रयोगाला कधीही लावू नये. खिडकीही उघडी ठेवावी, कारण पुढे येईलच.)

धड्यातला नियम सोपा आहे. मीठ विरघळलं की सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन (म्हणजे विद्युतभार असलेले कण) सुटे होतात. धन आयन ऋणाग्राकडे (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या शिशाकडे) सरकतात, ऋण आयन धनाग्राकडे. ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन मिळतात, धनाग्रावर द्यावे लागतात. सुक्या मिठातही आयन असतात, पण ते जागचे हलू शकत नाहीत, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण मग ऋणाग्रावर सोडियमचा थर का बसत नाही? तिथे तर हायड्रोजन निघतो! हे विचारणारी मुलगी मला नियम घडाघडा म्हणणाऱ्यांच्या पुढची वाटते.

ऋणाग्रापाशी सोडियम एकटा नसतो, पाणीही असतं. आणि इलेक्ट्रॉन घेण्यासाठी पाण्याला सोडियमच्या आयनापेक्षा कितीतरी कमी व्होल्टेज पुरतं. त्यामुळे पाणीच फुटतं. हायड्रोजन वायू निघून जातो, हायड्रॉक्साइड आयन मागे राहतात. ते आणि सोडियमचे आयन मिळून जे होतं ते कॉस्टिक सोड्याचं द्रावण. हळद लाल होते ती त्यामुळेच. धनाग्रावर बराचसा क्लोरीन निघतो. पोहण्याच्या तलावावर येतो तसला वास त्याचाच, आणि खिडकी उघडायची ती त्याच्यासाठी. हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर करून कारखाने कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवतात.

सोडियमच हवा असेल तर पाणी मधून काढायला हवं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीला हे अनुभवानं कळलं. पोटॅशच्या (पोटॅशियमच्या हायड्रॉक्साइडच्या) द्रावणातून वीज सोडली, तर फक्त पाण्याचेच घटक हाती येत. पूर्ण कोरडं पोटॅश वीज वाहूच देईना. ऑक्टोबर १८०७ मध्ये त्यानं ते हवेत ठेवून किंचित ओलसर होऊ दिलं आणि वीज जोडली. पोटॅश वितळलं, ऋणाग्रापाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले आणि त्यातले काही लगेच पेटले. ते पोटॅशियम होतं. काही दिवसांतच त्यानं सोडियमही मिळवला.

ॲल्युमिनियमचं दुखणंही हेच: पाण्यातल्या द्रावणातून मागितला तर हायड्रोजन मिळतो. त्याचं ऑक्साइड वितळवावं, तर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांची कल्पना नसताना एकच वाट काढली. वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात हे ऑक्साइड विरघळतं आणि सगळं काम ९५० अंशांच्या आसपास भागतं. दोघंही तेव्हा ऐन तेविशीच्या आसपासचे होते!

विजेची भूक मात्र भागत नाही. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन लागतात. फॅरडेच्या नियमानं (जितकी वीज वाहते, तितक्या प्रमाणात पदार्थ मिळतो) हिशेब केला, तर १ ॲम्पियरची धारा सुमारे ८० तास वाहिल्यावर २७ ग्रॅम धातू हाती येतो. कारखान्यात लाखो ॲम्पियर वाहतात, आणि एका किलोमागे साधारण १४ युनिट वीज जाते. कोल्हापूरकडच्या डोंगरांत बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, आहे. पण नुसतं खनिज असून भागत नाही, स्वस्त वीजही लागते. जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली वितळवून पुन्हा वापरली, तर या ऊर्जेच्या सुमारे पाच टक्क्यांतच काम होतं. भंगारवाला त्यांना लोखंडापेक्षा बराच जास्त भाव देतो, त्यामागे हाही हिशेब आहे.