लिनक्स टाकून नेलंय? व्हिडिओ लागंना म्हणायच्या आधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद झाला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्याच्या पुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, म्हणून लातूर-उदगीर भागातली बरीच मंडळी चांगली चालती मशीन भंगारात न घालता आमच्याकडून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, टाकून न्यायलीत. मशीन पळतंय मस्त, पण दोन दिवसांनी फोन येतोच, "व्हिडिओ लागंना, पहिल्यासारखं करून द्या."

तर आधी कोडेक टाका. दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणारा प्रोग्राम म्हणजे कोडेक, पेटंटच्या भानगडीमुळं मिंटवाले सगळे आधीच भरून देत नाहीत. नेट चालू ठेवून मेनूत मल्टिमीडिया सर्च करा, इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स दिसलं की क्लिक करा, पासवर्ड द्या, झालं. सोबत सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर पण घेऊन ठेवा. नेटवरून ईएक्सई फाइल उतरवून तिच्यावर डबल क्लिक करत बसू नका, ती विंडोजची आहे, इथं तशी चालणार नाही.

आता लग्नाचे व्हिडिओ, सगळ्यात जास्त तक्रार ह्याचीच. आवाज बरोबर चालतो अन् नवरदेव मात्र अडकत अडकत घोड्यावरून उतरतो. यात लिनक्सचा दोष नाही. शूटिंगवाले आता ४के मध्ये (लई बारीक, मोठ्या चित्रात), एच.२६५ ह्या नव्या पद्धतीनं दाबून फाइल देतात, आणि सहाव्या जनरेशनच्या आधीच्या इंटेलमध्ये ते उलगडायची पूर्ण सोय चिपमध्येच नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा बोंबलायला लागतो. स्टुडिओवाल्याला सरळ सांगा, १०८० मध्ये (४के पेक्षा लहान चित्रात) एच.२६४ ह्या जुन्या पद्धतीची कॉपी दे, म्हणजे विषय संपला. हँडब्रेक नावाच्या प्रोग्रामनं घरी पण बदलता येतं, पण जुन्या मशीनवर रात्रभर लावून ठेवायची तयारी पाहिजे, अन् लाइट जायची वेळ बघूनच लावा.

पेनड्राइव्हचं जरा नीट ऐका. मोठी फाइल कॉपी केली की पट्टी भरलेली दिसते, खिडकी बंद होते, पण डेटा कधी कधी अजून रॅममध्येच असतो आणि मागं हळूहळू लिहिणं चालू असतं, तुम्ही लगेच उपसून टीव्हीला लावला की शेवटची फाइल अर्धवट. इजेक्ट दाबा आणि आता काढा असा मेसेज येईपर्यंत हात लावू नका, वेळ लागला तरी. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ ह्या जुन्या फॉरमॅटचा असंल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात जाणारच नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आतलं सगळं पुसलं जातं म्हणून आधी काढून ठेवा.

टीव्हीला एचडीएमआय लावली, चित्र आलं, आवाज लॅपटॉपमधूनच? साउंड सेटिंगमध्ये आउटपुट एचडीएमआय करा, बस. फायरफॉक्समध्ये नेटफ्लिक्स लावताना डीआरएम (कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप उघडायची सोय) चालू करायचं विचारलं तर हो म्हणा.

एवढं करूनबी चालंना तर मशीन घेऊन या, पण ज्या फाइलचा त्रास आहे ती फाइल सोबत आणा, नुसतं "चालत नाही" वरून काहीच कळत नाही. आणि चार्जर विसरू नका, निम्मी मंडळी विसरतातच.