वात्स्लाव आणि भूरिश्रवा

चेक प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हावेल यांचं नाव आपण हमखास 'व्हॅक्लाव' असं वाचतो. चूक रोमन लिपीतल्या 'सी'मुळे होते. चेक भाषेत त्याचा उच्चार 'क' नाही, 'त्स', म्हणजे आपल्या 'चाका'तला च. नाव आहे वात्स्लाव.

अर्थ 'अधिक कीर्ती'. चेक, पोलिश ज्या स्लाव भाषाकुळातल्या, त्यातलं जुनं रूप साधारण 'वेंत्सेस्लाव'. मग त्यातला 'न' गेला कुठे? तो न नव्हताच, नाकातून काढायचा स्वर होता. दहाव्या शतकाच्या सुमारास चेक बोलीतून तो जिरला. आपल्या 'कांहीं', 'नांव'मधलाही असाच जिरला, 1962 च्या लेखननियमांनी मागाहून टिंबं पुसली एवढंच. पण लॅटिन आणि जर्मन मंडळींनी हे नाव उचललं ते नाकातल्या स्वरासकट. तसा स्वर त्यांच्याकडे नसल्याने त्यांनी सरळ 'एन्' केला: वेन्त्सेस्लाउस, वेन्त्सेल. मूळ भाषेत मेलेला आवाज परक्यांच्या घरी टिकला! पोलिशमध्ये 'अधिक'ला आजही 'व्येंत्सेय' म्हणतात, चेकमध्ये नुसतं 'वीत्से'.

हे नाव गाजलं ते दहाव्या शतकातल्या बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागाच्या, ड्यूकमुळे. त्याला भाऊ बोलेस्लावच्या माणसांनी मारलं. तो दिवस, 28 सप्टेंबर, आज तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे. बोलेस्लावचा अर्थही 'अधिक कीर्ती'च.

आता नावातला 'स्लाव'. चेकमध्ये 'स्लावा' म्हणजे कीर्ती, 'स्लोवो' म्हणजे शब्द. दोन्हींचं मूळ 'ऐकणे'. 'स्लोवो'चा सख्खा भाऊ संस्कृत 'श्रवस्', जे कानोकानी होतं ते, म्हणजे कीर्ती. ग्रीकमध्ये तोच 'क्लेओस', अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या नावातला. महाभारतातला भूरिश्रवा आठवा: भूरि म्हणजे पुष्कळ. वात्स्लावचा जवळजवळ शब्दशः अनुवाद.

यावरून 'बघा, सगळं संस्कृतातूनच गेलं' असे फॉरवर्ड सुरू होतात. तसं असतं तर ग्रीक आणि स्लाव दोघांकडे नेमका याच जागी 'ल' कसा आला? मूळ ध्वनी 'ल'च होता, तो संस्कृतात 'र' झाला. मूळचा 'क'सारखा ध्वनी ग्रीकमध्ये 'क' राहिला, आपल्याकडे 'श' आणि स्लावांकडे 'स' झाला. या बहिणी आहेत, आई-मुली नव्हेत.

प्रागच्या घराघरांत मात्र वात्स्लावला हाक मारतात 'वाशेक'. कीर्ती पार गळाली, 'अधिक'मधला वा तेवढा उरला.